बरोबरीचा रविवार

तोरेमाल्बा,
शुक्रवार, २४ मे

प्रिय कासिल्दाताई,

तुझा गुडघा कसा आहे? आणि दाजींचा खोकला? इकडे ऊन एकदम चढलंय. घरमालकीणबाईंनी परडीभर चेरी दारात ठेवली होती, ती मी एका बैठकीत फस्त केली. आता पोट बोंबलतंय. तू असतीस तर आधी रागावली असतीस आणि मग पुदिन्याचा काढा दिला असतास.

महिना होत आला, तू माझा फोन उचलत नाहीस. आधी वाटलं, रुसलीस. मग डोक्यात प्रकाश पडला. उद्या गावात कुणी विचारलं तर छातीवर हात ठेवून ‘मी भावाशी बोललेच नाही’ असं तुला म्हणता यायला हवंय. आईवर गेलीस अगदी! म्हणून हे पत्र. आणि तेही सामना होऊन गेल्यावरच पेटीत टाकणार आहे, म्हणजे आपल्या दोघांनाही कुणी बोट दाखवायला नको.

इथला माझा फुटबॉल संघ तसा बरा खेळतोय. मी त्यांना जे शिकवलं ते आता त्यांच्या पायांत बसलंय. घाई नाही, चेंडू आपल्याकडे ठेवायचा, समोरच्याला पळवून पळवून दमवायचं. आयुष्यभर मला तेवढंच तर येत होतं. उभं तारुण्य दुसऱ्या श्रेणीत गेलं, पहिल्या श्रेणीत एकच दुपार मिळाली, तीही दुसऱ्या कुणाचा पाय मुरगळला म्हणून. पण मधल्या फळीत चेंडूवर पाय ठेवून उभा राहिलो की तो माझ्याकडून कुणाच्या बापाला काढून घेता येत नव्हता.

मुद्द्यावर ये, म्हणशील. येतो.

परवा शेवटचा सामना, आम्ही आणि कास्त्रोलेंगो. बरोबरी झाली तर आम्ही दोघेही या श्रेणीत राहतो आणि आपलं वाल्देर्ना खाली जातं. दोघांपैकी कुणीही हरलं तर हरणारा जातो, वाल्देर्ना वाचतं. तुमचे सामने संपलेत, म्हणजे तुम्हाला नुसतं बसून रेडिओ ऐकायचाय. तुला हे सगळं पाठ असणार. अख्ख्या गावाला पाठ असणार. वाल्देर्ना खाली गेलं तर संघच मोडायचा, असं महापौरबाईंनी ठरवलंय, तेही कानावर आलंय. शाळा गेली, दवाखाना गेला, आता रविवारही जायचा.

कास्त्रोलेंगोचा प्रशिक्षक कोण ते ठाऊक आहेच. आपला बेनिग्नो. मधल्या फळीत इतकी वर्षं माझ्या शेजारी खेळला, आपल्याकडे नाताळाला जेवला. काल त्याचा फोन आला.

“फेर्मिन, रविवारी सामना झाल्यावर वर्मुटचा पेला माझ्याकडून.”

“कशाबद्दल रे?”

“कशाबद्दल काय! दोघेही जिवंत असू म्हणून!” हसला. मग हळूच म्हणाला, “मी काही म्हटलेलं नाही हं.”

“मीही काही ऐकलेलं नाही,” मी म्हणालो.

झालं, एवढंच. शिवी हासडायला हवी होती, ताई. नाही हासडली. आज सरावाला पोरं एकमेकांकडे बघून हसत होती. त्यांना कुणी काही सांगितलेलं नाही, आणि सगळं माहीत आहे.

मी काय करणार ते विचारू नकोस. तू विचारत नाहीयेसच म्हणा.

तुझा,
वाल्देर्नाचा फेर्मिन


तोरेमाल्बा,
मंगळवार, २८ मे

ताई,

हे दुसरं पत्र त्याच पाकिटात घालतोय. आधी वरचं वाच, मग हे.

निकाल तुला कळलाच आहे. कसा लागला ते माझ्याकडून ऐक, कारण गावात जे सांगत असतील ते खोटं आहे. किंवा खरं असेल. तेच तर मला समजेनासं झालंय.

पहिला अर्धा भाग दोन्ही संघ निदान पळाले तरी. दुसऱ्यात सोंगही संपलं. आमची पोरं आपल्याच अर्ध्यात चेंडू इकडून तिकडे, तिकडून इकडे. कास्त्रोलेंगोवाले कमरेवर हात ठेवून बघत उभे. लोक सूर्यफुलाच्या बिया फोडत प्रत्येक पासला “ओले!” ओरडत होते, आणि हसत होते. अगं, माझाच खेळ होता तो! घाई नाही, चेंडू आपल्याकडे. मीच शिकवलेलं. कुणाला ओरडू आणि काय म्हणून ओरडू?

पलीकडच्या बाकावर बेनिग्नोनं माझ्याकडे बघितलं आणि तळहात जमिनीकडे करून हळूच दाबल्यासारखा हलवला. खेळायचो तेव्हाची आमची खूण. धीर धर, आपलंच आहे. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. शरमेनं.

मी रेषेवर गेलो आणि ओरडलो, “पुढे! पुढे जा!”

आमचा कर्णधार एलोय जवळ आला. “मिस्टर, आहोत तिथे बरे आहोत की.”

“पुढे जा म्हणतोय ना!”

“वेड लागलंय का तुम्हाला? हरलो तर कोण जाणार, माहितीये ना? आपण!”

मी त्याला बाहेर काढला आणि आघाडीचा एक खेळाडू आत घातला. थोड्या वेळानं आणखी एक. एलोयनं दंडावरची पट्टी काढली, माझ्या हातात दिली आणि बाकावर न बसता सरळ कपडे बदलायच्या खोलीकडे गेला. मागून कुणीतरी ओरडलं, “फेर्मिन, बस पकड आणि वाल्देर्नाला जा!”

आम्ही पुढे गेलो. मागे कुणी उरलंच नाही. चेंडू गेला, त्यांचा एक पोरगा एकटाच आमच्या गोलकडे निघाला. आमचा गोलरक्षक घसरून पडला. तो पोरगा थबकला गं! त्यानं वळून आपल्या बाकाकडे बघितलं, काय करू म्हणून. बेनिग्नोनं मान खाली घातली. मग त्या पोरानं चेंडू आत मारला, कारण समोर रिकामा गोल असताना न मारणं त्याला जमलं नाही. कुणी नाचलं नाही. तेवढ्यावर आम्ही हरलो. सामना संपल्यावर बेनिग्नो हातही न मिळवता निघून गेला.

कपडे बदलायच्या खोलीत मी म्हणालो, “आपण प्रामाणिकपणे खेळलो.” एलोय बुटांची नाडी सोडत म्हणाला, “तुमच्या गावाला आमचा नमस्कार सांगा, मिस्टर.” बाहेर माझ्या गाडीच्या आरशाला कुणीतरी वाल्देर्नाचा निळा रुमाल बांधून ठेवला होता.

तुम्ही संध्याकाळी दारूचे बाण उडवलेत म्हणे. रात्री महापौरबाईंचा फोन. ऑगस्टच्या जत्रेचं उद्घाटनाचं भाषण यंदा मी करायचं, चौकातल्या बाल्कनीतून. बाबा आठवतात ना? प्रत्येक जत्रेत मान वर करून म्हणायचे, “एक दिवस आमचा फेर्मिन तिथे उभा राहील.” पहिल्या श्रेणीतल्या त्या दुपारनंतरसुद्धा मला कुणी बोलावलं नव्हतं. आता बोलावलं, माझाच संघ बुडवल्यावर. मी नाही म्हणून सांगितलं. बाईंना वाटतंय मी लाजतोय. त्यांना तूच समजाव.

आणि त्यानंतर फोनवर रेकॉर्ड केलेला तुझा निरोप, इतक्या दिवसांनी. रडत होतीस. “आपल्या माणसांना विसरला नाहीस रे, देव तुझं भलं करो. जेवायला ये.” मी तो पुन्हा पुन्हा ऐकला. बेनिग्नोनं फिरवलेल्या पाठीपेक्षा, एलोयच्या टोमण्यापेक्षा तो मला जास्त लागला. सगळ्यांनी मला विकलेला ठरवलं, आणि तू त्याबद्दल आभार मानलेस.

आता खरं सांगतो. रेषेवर मला त्या खोट्या खेळाची किळस आली होती, शपथेवर सांगतो. पण एलोयला बाहेर काढायला हात वर केला तेव्हा डोळ्यांपुढे तुझं अंगण होतं, तू धुऊन दोरीवर वाळत घातलेले वाल्देर्नाच्या संघाचे निळे सदरे होते. कोणतं आधी आलं? किळस की दोरी? रात्रभर तेच उकरत बसलोय. वाल्देर्ना या खेळात नसतं तरी मी हेच केलं असतं का? ‘हो’ म्हणायला तोंड उघडतो आणि आवाज फुटत नाही.

इथल्या अध्यक्षांना सांगितलंय, ठेवणार असाल तर खालच्या श्रेणीत मी याच पोरांबरोबर राहीन. आज सरावाच्या वेळी मैदानावर गेलो होतो. कुणी आलं नव्हतं. मी जाळ्या बांधून ठेवल्या.

जेवायला बोलावू नकोस, ताई. आभार तर मुळीच मानू नकोस. फोन कर आणि आई विचारायची तसं दरडावून विचार, “फेर्मिन, असं का केलंस?” विचारणारं एक तरी माणूस असू दे.

तुझा भाऊ,
तोरेमाल्बाचा फेर्मिन