जिन्याखालची यादी

२७ जून २००२

लागली! पुण्याच्या कॉलेजची यादी लागली आणि पहिलं नाव माझं – भोये कांचन नाथा. एम.एस्सी., सूक्ष्मजीवशास्त्र. बाबांनी दोनदा बोट फिरवून वाचलं.

खिडकीतल्या कारकुनाने अर्जावरचं आडनाव पाहिलं आणि मान वर न करता म्हणाला, “तुमची यादी तिकडे, जिन्याखाली.” मोठ्या फळ्यापुढे ही गर्दी, जिन्याखाली आम्ही दोघंच. बरंच झालं, निवांत वाचता आली. आदिवासींसाठी राखीव जागा दोन. तिसरं नाव मंगला गावित, सुरगाणा. ती प्रतीक्षेत.

शीतल पाटणकरही आली होती, तिच्या पप्पांबरोबर. तिचं नाव कुठेच नाही. मोठ्या फळ्यापुढच्या गर्दीतून बाहेर आली आणि माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं करून गेली. नववीपासून एका बाकावर बसलो आम्ही!

२८ जून

प्रवेश तात्पुरता आहे म्हणे. ३१ ऑगस्टपर्यंत जात पडताळणीचं प्रमाणपत्र आणलं नाही तर जागा रद्द. जातीचा दाखला आहे, तो पुरत नाही. दाखला खरा आहे याचा दाखला हवा!

४ जुलै

जात पडताळणी समितीचं ऑफिस. आजोबांचा पन्नास सालाआधीचा शाळेचा दाखला आणा, टेबलामागच्या बाई म्हणाल्या. म्हटलं, आजोबा शाळेत गेलेच नाहीत.

“मग त्यांची जात कशावरून?”

घरात पदवीपर्यंत पोहोचलेली मी पहिली. बाबा सातवी. आजोबा डोंगरात भात लावत होते. शिकले नाहीत म्हणून आम्ही मागास, आणि शिकले नाहीत म्हणूनच मागास असल्याचा पुरावा नाही. हे मी त्या बाईंना नीट समजावून सांगायला गेले. त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली.

१२ जुलै

साहेब मीटिंगला.

१५ जुलै

साहेब रजेवर.

१९ जुलै

पाटणकर काका कॉलनीच्या गेटपाशी भेटले. बाबा आणि ते सरकारी प्रेसमध्ये एकाच खात्यात, काका वरच्या हुद्द्यावर. अगदी गोड आवाजात म्हणाले, “तुमचं बरं असतं, भोये. आमच्या शीतलची जागा गेली ना.” शीतलला सत्तर टक्के, मला चौऱ्याहत्तर. काकांना ठाऊक आहे, मीच पेढे द्यायला गेले होते. तोंडावर आलं होतं, पण बाबा म्हणाले, “होय साहेब,” आणि चालायला लागले. बाबांचाच जास्त राग आला.

शीतल मागे स्कूटीवर होती. काहीतरी बोलणार असं वाटलं. ब्रेकची तार चाचपत बसली.

२३ जुलै

कागद नाही तर मुलाखत द्या म्हणतात. २० ऑगस्टला. जमातीचे देव, सण, रीती – सगळं विचारतील. म्हणजे मी मीच आहे का, याची तोंडी परीक्षा!

आणि मला एक शब्द येत नाही. बाबांनी आम्हाला नाशिक रोडला वाढवलं ते सगळ्यापासून लांब ठेवूनच. नवसाबाई आत्या पेठहून आली की म्हणायचे, “हळू बोल गं, शेजारी ऐकतात.”

२७ जुलै, पेठ

आत्याकडे आले, वही घेऊन. भाताची आवणी चालू. आत्या गुडघाभर चिखलात, रोपं लावता लावता उत्तरं देते. मी बांधावर छत्रीत.

डोंगरदेवाला कोण नाचतं? धान्याची देवी कोणती? कणसरी, का दुसरी कुणी? आत्या हसतच सुटली. बाजूच्या बायकांना म्हणाली, “नाथाची पोर आहा. आपले देव कोनते, ते लिहून न्यायला आली.” सगळ्या हसल्या. मग मला म्हणाली, “हात रिकामा हाय ना? लाव रोपं.”

लावली. कंबर मोडली. अकरा पानं भरली, दोन चिखलाने गेली.

२० ऑगस्ट

मुलाखत झाली. वाट लागली, असं वाटलं होतं.

बाहेर बाकावर शेजारी एक मुलगी, धाकट्या भावाचे कागद घेऊन आलेली. मी नाव सांगितलं तशी म्हणाली, “भोये? यादीतली पहिली ना तू? मी तिसरी.” मंगला गावित! तिचं स्वतःचं प्रमाणपत्र दोन वर्षांपूर्वीच झालंय. जागा मिळालीच तर मागे पडू नये म्हणून पुण्याहून पुस्तक आणून घरीच वाचते आहे. म्हणाली, “तुझं नाय झालं तर कळव. गावात फोन दुकानात हाय.” मग स्वतःच जीभ चावली. “नाय, झालं पायजे तुझं.” वहीच्या शेवटच्या पानावर नंबर लिहून दिला.

आत मी घडाघडा सगळं सांगितलं. साहेबांनी पेनाला टोपण लावलं. “पाठ करून आलीस. शहरातल्या मुली असंच करतात.” पाठ करून चौऱ्याहत्तर टक्के मिळवले तेव्हा कुणाची तक्रार नव्हती! फाइल बंद करता करता त्यांनी विचारलं, घरी नवा तांदूळ आला की काय करता?

मी वैतागले होते. म्हटलं, “काही नाही. दिवाळीनंतर आत्याचं पोतं येतं. ते बाबाच सोडतात, चपला काढून. पहिली मूठ वाटीत घालून गॅसच्या सिलेंडरमागे ठेवतात. ती कोणी खायची नाही. का, ते सांगत नाहीत. त्यांची एक सवय आहे.”

साहेबांनी टोपण काढलं. “सिलेंडरमागेच का?”

“तेवढाच कोपरा दिसत नाही कुणाला.”

पहिल्यांदाच लिहायला लागले. पानभर लिहिलं.

बाहेर बाबांना सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. “ते कशाला सांगितलंस? वीस वर्षं कुणाला दिसू दिलं नाही.”

२९ ऑगस्ट

मिळालं! बाबा लॅमिनेशन करायला निघाले होते, हातातून काढून घेतलं. उद्या पुणे.

बॅगेत वही भरताना मंगलाचा नंबर दिसला. काय सांगणार तिला? पान उलटलं.

३० ऑगस्ट, सकाळ

निघताना शीतल दारात. आत ये म्हटलं तर आली नाही.

“मोठ्या फळ्यावर तुझं नाव होतं, कांचन. सतरावं. वीस जणांना घेणार होते. माझं शोधताना पाहिलं.”

दोन महिने! मी विचारलं, बोलली का नाहीस?

“पप्पा रोज तुझ्यावर चिडत होते. तू वर आहेस म्हटलं असतं, तर माझ्यावर चिडले असते.”

तिच्यावर ओरडणार तरी कशी? फळा सगळ्यांना उघडा होता. तिकडे जा म्हटलं आणि मी गेले. पाच पावलांवर होता, मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. बाबांनीही नाही.

३० ऑगस्ट, पुणे

कारकुनाने खुली यादी काढली. सतरावी, भोये. पुढे शेरा – ‘आली नाही’. दुसरी यादी लावलीच नव्हती, जागा तशीच रिकामी. तिथेच उभ्याने अर्ज लिहिला: माझा प्रवेश खुल्या यादीतून घ्यावा, राखीव जागा सोडत आहे. सही झाली. प्रमाणपत्र कुणी मागितलंच नाही.

बाहेर एसटीडी बूथ. वहीतला मंगलाचा नंबर लावला. तिच्या गावचा दुकानदार म्हणाला, गावितांचं घर लांब आहे, अर्धा तास लागेल. म्हटलं, मी थांबते. उद्या शेवटची तारीख आहे, तिला पळत यायला सांगा.