सभासदाची घोडी

प्रिय आत्या,

घडलं ते आधी लिहिते, बाकीचं नंतर. तुला तसंच लागायचं.

१. अंकुशमामांची लग्नातली घोडी वडवणीच्या बाजारतळामागे बाभळीला बांधलेली दिसली. फासळ्या रस्त्यावरून दिसत होत्या.
२. ती आडवी झाली.
३. आपल्या दूध संस्थेच्या चारा छावणीत घोडं घेत नाहीत.
४. मी घेतलं.
५. आज सकाळी ती आपली आपण उठली.

पाचव्या मुद्द्यासाठी हे पत्र. अशी बातमी मी आधी तुला सांगायचे. तू गेल्यावर ती सवय कुठे ठेवायची?

तुला ही घोडी आठवत असेल. सागरदादाच्या लग्नात आपल्या वस्तीतला नवरदेव गावातून घोडीवर जाणार म्हटल्यावर पंचक्रोशीतल्या सगळ्या घोड्या एकदम आजारी पडल्या! अंकुशमामा मात्र स्वतः लगाम धरून आले. तू पांढरं पातळ नेसून वरातीच्या पुढे चाललीस, मारुतीच्या पारावरून, एकदाही मागे न बघता. का गं नाही बघितलंस? मी मागेच होते.

त्याच मामांनी तिला असं ठेवावं? विचारलं, तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "दुष्काळात लग्नंच न्हाईत, पोरी. मलाच खायला न्हाई, तिला काय घालू? सोडली तर गाडीखाली जाईल, म्हणून बांधली." राग गेला नाही, पण मी घोडीकडे वळले.

तिला वाचवायला घ्यायचं की नाही, हे मी वरात आठवून ठरवलं नाही. माझं शिक्षण जनावरांच्या डॉक्टरकीचं आहे. हिरड्या पाहिल्या, नाडी पाहिली, तोंडापुढे पाणी धरलं. प्यायली. म्हणजे प्रयत्नाला अर्थ होता.

पण चारा? छावणीच्या दारावर तू चेअरमन असतानाचा नियम अजून आहे: फक्त सभासदाचं जनावर. माझ्या बाबांच्या, म्हणजे तुझ्या सख्ख्या भावाच्या शेळ्या तू दारातून परत पाठवल्यास. इतकं कडक कशाला राहायचं? पण वाट त्याच नियमातून निघाली. संस्थेतला तुझा भाग आता माझ्या नावावर आहे. मामांनी घोडी मला दिली. झालं ना सभासदाचं जनावर?

तरी मी सभा घेतली. दगडूनाना म्हणाले, "दुधाची संस्था हाय ही. घोडं दूध देतंय का?" कोपऱ्यात कडबा कापायचं यंत्र दुरुस्त करणारा सलीमभाई मान वर न करता म्हणाला, "नाना, तुमचा बैल किती देतो?" बाया पदराआड हसल्या आणि हात वर झाले. नानांचा सगळ्यात शेवटी. आडवी झालेली घोडी ट्रॉलीतून छावणीत आणली.

खरी भीती त्यानंतर होती. खंगलेल्या बैलाला आपल्याकडे गूळ आणि पीठ चारतात. बाया तेच घमेली भरून घेऊन आल्या. उपाशी घोड्याला एकदम असं पोटभर दिलं, तर ते त्यानेच मरतं. मी घमेली परत पाठवली. कमलकाकू म्हणाल्या, "आत्यावर गेलीस." ते कौतुक नव्हतं. मी ठेवून घेतलं.

भिजवलेला कडबा, थोडा थोडा, दिवसभर. मधेमधे पोटाला नळी लावून आतडं चालतंय का ऐकायचं. सकाळ-संध्याकाळ पोटाखालून पोत्यांची झोळी घालून तिला उभं करायचं. झोळीचं एक टोक दगडूनाना धरायचे, कुरकुरत, पण रोज.

आज ते झोळी घेऊन आले, तर ती उभी! नाना बघतच राहिले. म्हणाले, "मग आता माझं काय काम?" मी मामांना बोलावणं धाडलं. त्यांचा आवाज आल्याबरोबर ती खिंकाळली. मामा दारातच खाली बसले. मी त्यांना आत घेतलं. घोडी माझ्याच नावावर राहील. लगाम त्यांनी धरायचा, असं ठरलं.

पोळ्याला ती बैलांच्या मागून मारुतीच्या पारावरून जाईल. पाठीवर कुणी नाही. ती अजून ओझं पेलण्याइतकी झालेली नाही. तिच्या पुढे मी चालेन, आणि आत्या, मी मागे वळून बघेन. हे माझं वचन.

तू फळ्यावरच्या प्रत्येक सूचनेखाली लिहायचीस: हरकत असल्यास कळवावे, अन्यथा मंजूर. तर तुझी काही हरकत असल्यास पोळ्याच्या आदल्या दिवसापर्यंत कळव.

तुझी,
वैशाली
सभासद