डौवेच्या घरचं बाळंतपण

आल्डेम्यार, २ फेब्रुवारी १९४७

ती. वीब्रनदादास,
गेस्केचा प्रभूत सा. न.

इकडे कालवा पार गोठलाय. वहिनीने धाडलेले लोकरी मोजे एकावर एक चढवते, तेव्हा कुठे पाय आपले वाटतात. तू स्केट बांधून मिरवत असशील. या वयात कंबर मोडून घेऊ नकोस म्हणजे झालं.

आता खरं सांगते. डौवे तुरुंगातून सुटून गावात आलाय. युद्धात आपल्या गोठ्यात लपलेल्या आपल्या धाकट्या येलेला ज्याने जर्मनांच्या हाती दिलं, तोच चर्चमध्ये शेवटच्या बाकावर येऊन बसला. बाकावरचे सगळे उठून गेले. त्याची बायको ट्रीन्चे दिवस भरत आलेली. काल ती माझ्या दारात आली. म्हणाली, शेजारच्या गावची सुईण नको म्हणते, बर्फातून डॉक्टर पोचायचा नाही, तुम्ही याल का? मी दार लावलं. तेव्हापासून सुईणपणाची पिशवी दोनदा भरली, दोनदा रिकामी केली. काय करू, कळव.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
गेस्के

लीवार्डन, ७ फेब्रुवारी

चि. गेस्केस,
अ. आ.

आपल्या भावाचं प्रेत मी ओळखलं, तू नाही. कोटाच्या बटणावरून ओळखावं लागलं. ज्याच्यामुळे हे झालं, त्याचा वंश वाढवायला तू जाणार? क्षमा करा असं प्रभूने सांगितलंय, मला पाठ आहे. पण माझ्याच्याने ते होत नाही. स्पष्टच लिहितो, त्या घरात पाऊल टाकलंस तर माझ्या घरी येऊ नकोस. तुझी वहिनी म्हणते, असं लिहू नका. मी लिहितोय.

तुझं बरंच चिंतणारा,
वीब्रन

आल्डेम्यार, २० फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न.

मी गेले.

रविवारी प्रभुभोजन होतं. भाकर हातात आली आणि वाटलं, ही तरी मला कुठल्या लायकीवर मिळते? मंगळवारी सकाळी डौवे आला. दाराबाहेरच उभा, टोपी हातात. म्हणाला, मला हव्या तेवढ्या शिव्या द्या, पण ती मरतेय. मी पिशवी उचलली.

बाळ पायाळू होतं. अंग बाहेर आलं आणि डोकं अडकलं. दादा, तेव्हा माझे हात थांबले. तसेच राहिले असते, तर गावात कुणी मला दोष दिला नसता. डोळ्यांपुढे येले उभा होता. ट्रीन्चेने माझ्याकडे पाहिलं; तिला कळलं होतं. एवढंच म्हणाली, गेस्केबाई, याने काही केलेलं नाही हो. मी मनात म्हटलं, प्रभू, माझ्यात बळ नाही, तूच कर. आणि हात चालू लागले.

पोर निळं पडलं होतं. पाठ चोळत राहिले, शेवटी रडलं. डौवे भिंतीला टेकून खालीच बसला, येलेबद्दल बोलायला लागला. मी त्याला सांगितलं, मी तुला क्षमा केलेली नाही, अजून जमत नाही. ऊठ, पाणी तापव. त्याने तापवलं.

आता बाळाला न्हाऊ घालायला रोज जाते. बायका माझ्याकडे पाठ फिरवतात. तुझं दार बंद ठेवलंस तरी समजेन. मनातून मात्र उतरवू नकोस.

तुझी,
गेस्के

लीवार्डन, ९ मार्च

चि. गेस्केस,
अ. आ.

तुझं पत्र वहिनीने मोठ्याने वाचलं. मी उठून सरपण फोडायला गेलो. परत आलो तर तिने पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं. तिच्यापुढे कुणाचं चालतं?

डौवेचं तोंड मला बघवणार नाही. खोटं कशाला लिहू? पण पोर झोपतं कशात, असं वहिनीने विचारलं आणि मी शिडी लावून माळ्यावर चढलो. तिथे आईचा पाळणा आहे. त्यात शेवटचा झोपला तो आपला येले. एक पाय निखळला होता, तो बसवलाय. बर्फ फुटलं की पहिल्या बोटीने पाठवतो.

ईस्टरला घरी ये. माझं मागचं पत्र चुलीत टाक. आणि पाळणा कुणाचा, हे डौवेला सांगू नकोस. सांगायचं झालं, तर मीच येऊन सांगेन.

तुझा,
वीब्रनदादा