धाकटीच्या नोटा आणि माझी शिस्त

३ मार्च
लिहायला बसले, कारण आज सख्ख्या बहिणीला नाही म्हणाले आणि नंतर जेवण गेलं नाही. धाकटी परदेशात म्हाताऱ्यांची सेवा करून आली. तिथल्या नोटा माझ्या कपाटात आहेत, कारण तिच्या नवऱ्याच्या खिशाला भोक आहे. आता तिला कपडे दुरुस्तीचं दुकान घ्यायचंय. डिपॉझिट महिनाअखेर. म्हणाली, ताई, नोटा दे, बदलून आणते. मी म्हटलं, दर पडलाय, थांब. अर्थशास्त्र मी शिकले, शिवण ती. म्हणाली, पैसे माझेच ना गं? हा प्रश्न अनावश्यक होता.

७ मार्च
दर किंचित वर. माझंच बरोबर. नोटा काढून पाहिल्या. मऊ पडलेल्या, कोपरे दुमडलेले. तिकडच्या लोकांना पैसा हाताळायची शिस्त नाही.

८ मार्च
नोटा लॅमिनेट करून आणल्या. एकेक वेगळी. दुकानदार म्हणाला, बाई, खरंच करू? काहींना चांगलं काम सांगितलेलं झेपत नाही. खर्च माझा, धाकटीकडे मागणार नाही. जेवण गेलं.

१९ मार्च, दुपार
दर चढला. परदेशी चलन बदलतात त्या काउंटरवर गेले. तिथल्या मुलीने नोट उजेडात धरली, मग माझ्याकडे पाहिलं. काकू, ही चालणार नाही. मी म्हटलं, कित्येक देश आता नोटा प्लास्टिकवरच छापतात. म्हणाली, देश छापतात, काकू. तुम्ही नाही. रांगेत कोणीतरी हसलं. नोट हातोहात फिरते म्हणून तिला किंमत, असं मीच परीक्षेत लिहिलं होतं. गुणही पडले होते.
मुलगी म्हणाली, त्या देशाच्या मुख्य बँकेत नेऊन दाखवा, कदाचित बदलून देतील. विमानाचं तिकीट विचारलं. नोटांपेक्षा महाग.

१९ मार्च, संध्याकाळ
धाकटीचा फोन. उचलला नाही. बाथरूममध्ये होते असं सांगेन. नव्हते.

२२ मार्च
इस्त्री बेताची गरम करून एका नोटेवर फिरवली. प्लास्टिक निघालं, त्याबरोबर त्यांच्या थोर पुरुषाचा अर्धा चेहरा. प्रयोग थांबवला. लॅमिनेशन उत्तम दर्जाचं आहे.

२५ मार्च
नोटा सुरक्षित आहेत, एवढंच धाकटीला शांतपणे सांगायचं ठरवलं. हे खोटं नाही. तिच्याकडे गेले. दुकानाचा मालक परवापर्यंतच थांबणार, म्हणाली. चहा पिऊन परत आले. सांगायचं राहिलं.

२६ मार्च
सांगितलं. ती रडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, ताई, लोकांची घाण काढून मिळवलेले पैसे होते ते. मला दर कळत नाही. पण मागितले त्याच दिवशी दिले असतेस तर…

२७ मार्च
माझी मुदतठेव मोडली. धाकटीला दिलं: नोटांची आजच्या दराने होणारी पूर्ण रक्कम; सगळ्या नोटा, अर्ध्या चेहऱ्याची धरून. निघाली, आणि दारातून परत फिरली. म्हणाली, माझं आणखी जे जे तुझ्याकडे ठेवलंय, तेही देऊन टाक.
दिलं: तिच्या घराची जास्तीची किल्ली. दागिन्यांची डबी. तिच्या लेकीची गुणपत्रिका. ती तिने उलटसुलट करून पाहिली. तीही मी लॅमिनेट केलेली होती.