उंची माहीत नाही

सोमवार, ३ फेब्रुवारी
डोंबिवलीजवळ कोपरला खोली झकास मिळाली! तिसरा मजला, खिडकीतून खाडीचा वारा. घरमालकीण प्रमोदिनीकाकू पहिल्या मजल्यावर राहतात. त्यांनी आल्या आल्या एका हातात किल्ली दिली, दुसऱ्या हातात पोह्यांची बशी. ठाण्यातलं ऑफिसही आवडलं. विसराळू म्हाताऱ्या माणसांच्या मनगटावर आमचं घड्याळ असतं. माणूस हरवलं तर ते नकाशावर दिसतं. अक्षांश, रेखांश आणि उंची. उंचीचं काम माझ्याकडे. घड्याळाला ती कळली नाही तर रकाना रिकामा सोडायचा, असा नियम. इथे मात्र सगळीकडे शून्य भरलंय. जुना नकाशा रिकामं घ्यायचाच नाही, असं माझे बॉस विनीतसर म्हणाले. पण शून्य म्हणजे ‘माहीत नाही’ थोडंच? शून्य म्हणजे समुद्राची पातळी. कल्याणच्या माणसाला शून्यावर ठेवलं की तो गेला जमिनीखाली!

गुरुवार, ६ फेब्रुवारी
शून्यं पुसतेय. कल्याणपलीकडच्या मोहन्याच्या रमाबाई दिवाळीपासून बेपत्ता आहेत. घड्याळ अजून चालू आहे. चार्ज कोण करतं, देव जाणे. ठिपका त्यांच्या स्वतःच्याच घरावर, उंची शून्य. ते पुसलं आणि त्यांच्या मुलाला, रवींद्रला, फोन केला. तो शांतपणे म्हणाला, की आम्ही त्याच घरात राहतो, ताई. तुमचा नकाशा आईला जमिनीखाली दाखवत होता, म्हणून सगळी फरशी उकरून पाहिली. काही नव्हतं.


शुक्रवार, ७ फेब्रुवारी
आज खरी उंची आली. त्यांच्या छपराच्याही वर. बैठी चाळ आहे ती, वर नुसतं आकाश. विनीतसर म्हणाले, होतं असं, सोडून दे. दुपारी रवींद्रचाच फोन. कालपासून पत्र्यावर कोणीतरी चालतंय. रडत होता. “आईच आहे ती. तुम्ही काहीतरी केलंत आणि ती सुटली. आता तिला खाली आणा ना, ताई.”

सोमवार, १० फेब्रुवारी
दोन दिवस त्याचे फोन. मी नाही म्हणत राहिले. माहीत नाही ते लिहायचं नसतं. शेवटी त्याने विचारलं, तुमची आई असती तर?
त्याच्या घराच्या जमिनीची उंची अंदाजाने टाकली. संध्याकाळी फोन आला. हसत होता. आली म्हणाला, जेवायला बसलीय. मागे ताट खरवडल्याचा आवाज. थांबतच नव्हता.

बुधवार, १२ फेब्रुवारी
रवींद्रचा फोन लागत नाही. ठिपका मोहन्यात नाही. सकाळी शहाडला होता, आता कल्याणच्या अलीकडे. सरांना दाखवलं. ते म्हणाले, तू घरी जा. स्वतः बॅग उचलून माझ्याआधी निघाले.

गुरुवार, १३ फेब्रुवारी
रवींद्रचा फोन. कुजबुजत होता. ती आई नाही. पोटभर जेवली आणि तिने विचारलं, मला खाली कोणी आणलं. त्याने माझं नाव सांगितलं. “माफ करा ताई, माझी पोरं घरात होती—”
फोन कट.
ठिपका डोंबिवलीत.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी
ऑफिसला गेले नाही. ठिपका आमच्याच इमारतीवर. उंची रिकामी. म्हणजे अजून माहीत नाही— कुठला मजला ते माहीत नाही— असंच ना?
मी काहीही भरणार नाही. हात मांडीखाली धरून बसलेय. लिहिण्यापुरता एक काढला.
खाली कुणाचीतरी बेल वाजली. मग शेजारची. आता पहिल्या मजल्यावर—
काकू जिन्यातून हाक मारतायत. आनंदात आहेत. अगं ऋजुता, एक आजी तुझं नाव घेत आल्यात, दमल्यात बिचाऱ्या. पाणी दिलं त्यांना. तिसरा मजला सांगितला, डावीकडचं दार, येतायत बघ व—
रकान्यात आकडा आला. तिसऱ्या मजल्याचा.
काकू, त्यांना थांब