चंदेरी वेष्टणं

औरंगपुरा, औरंगाबाद
१२ मे २०१५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू सोयगावहून पाठवलेला चंदेरी कागद पोचला. चहाच्या खोक्यांतलं ते अस्तर तुझ्या दुकानात नुसतं पडून होतं, इथं त्याचं सोनं झालं. वाचनालयामागं फ्लॅट उठतायत, पाऊस नाही, जिकडंतिकडं धूळ. एकशे चाळीस जुन्या पुस्तकांना आजच वेष्टणं घालून झाली. अध्यक्ष तात्यासाहेब कसली मदत करतात? रिकाम्या टँकरचा भोंगा नुसता; पाणी थेंबभर नाही, आवाज गल्लीभर!

तुला फोनवर ऐकू येत नाही, हे एका परीनं बरंच झालं. निदान पत्रं तरी येतात.

लोभ आटू देऊ नकोस, पाणी आटलंय तेवढं पुरे.

तुझी,
कालिंदी


औरंगपुरा
३ फेब्रुवारी २०१६

ती. दादास,
सा. न. वि. वि.

घाईत लिहितेय, अक्षर सांभाळून घे. दिवाळीनंतर वाचनालयात नवी यंत्रणा आली. प्रत्येक पुस्तकात चिप लावली. नोंद न करता पुस्तक बाहेर नेलं की दार बोंबलतं. काल चाचणी झाली. माझ्या चंदेरी वेष्टणातलं पुस्तक दारातून गेलं आणि दार गप्प! यंत्र बसवायला आलेला हिमांशू म्हणाला की या कागदाआडची चिप दाराला कळत नाही, चोर हीच युक्ती करतात.

तात्यासाहेबांनी सगळ्यांदेखत विचारलं की एवढी दुर्मिळ पुस्तकं बाहेर काढायची तयारी कुणासाठी चालली होती. शिपाई पुंजारामनं सांगून पाहिलं की बाईंनी वेष्टणं लई आधी घातलीत. त्यालाच गप्प बसवलं. सोमवारी, पंधरा तारखेला चौकशी आहे. निवृत्तीला दोन महिने उरलेत आणि मी चोर ठरतेय, दादा. मला फार भीती वाटते.

तुझी,
कालिंदी


सोयगाव
७ फेब्रुवारी २०१६

चि. सौ. कालिंदीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. चोर म्हणे! गुलमंडीत सापडलेली बांगडी परत द्यायला मला दुकानोदुकानी हिंडवलं होतंस, विसरलीस?

तुझी सगळी पत्रं मी तारखेवार दोऱ्यात ओवून ठेवतो, तुझी वहिनी हसते ती हसो. गेल्या मे महिन्यातलं सापडलं. आंतर्देशीय आहे, पोस्टाचा शिक्का स्वच्छ, यंत्राच्या कितीतरी आधीचा. सोबत रजिस्टरनं पाठवतोय. पण तुझं ते टँकरचं वाक्य वेष्टणांच्या ओळीला चिकटूनच आहे. कात्री हातात घेतली होती, ठेवून दिली. कापलेला पुरावा कोण मानणार? पुढचं तू ठरव.

माझे आशीर्वाद पाठीशी आहेत, ताठ बस.

तुझा,
श्रीनिवासदादा


औरंगपुरा
१६ फेब्रुवारी २०१६

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र दिलं, अख्खं. तात्यासाहेबांनी आधी शिक्का निरखला, मग स्वतःच मोठ्यानं वाचायला घेतलं. टँकरपाशी आले आणि थांबले. मला वाटलं, संपलं. त्यांनी ते वाक्य पुन्हा सावकाश वाचलं. मग उभं राहून म्हणाले की जी बाई हे वाक्यसुद्धा लपवत नाही, ती पुस्तकं काय लपवणार. सगळ्यांसमोर माफी मागितली.

पत्र मात्र परत मिळणार नाही. ते दप्तरी जमा झालं आणि पुंजारामनं त्यालाही चिप लावली. बाहेर नेलं की दार बोंबलतं.

वेष्टणं आज काढली. सुटले, तरी राग गेलेला नाही. संध्याकाळी निघताना दार गप्प होतं, तरी माझे पाय थांबले आणि मी पर्स उघडून पुंजारामला दाखवली. तो बिचारा खाली बघत राहिला. अठ्ठावीस वर्षांत मी असं कधी केलं नव्हतं.

लोभ आहेच. दोऱ्यात मोकळ्या झालेल्या जागी हे पत्र ओव.

तुझी,
कालिंदी