केसपेपर

प्रिय ताई,

अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, आणि ओळींमध्ये जागा सोडलीय. सावकाश वाच. आईला वाचून दाखवू नकोस. तिने विचारलं तर सांग, नोकरीबद्दल लिहिलंय. ते अगदीच खोटं ठरू नये म्हणून आधी नोकरीबद्दलच लिहिते.

सध्या मला फोटोच्या खोलीत बसवलंय. ओळखपत्रासाठी लोक येतात, स्टुलावर बसतात. मी सांगते, हनुवटी वर, कान दिसू देत, हसू नका. दोन्ही बाजूंनी पांढरे दिवे असतात. मग तो चेहरा माझ्यासमोर पडद्यावर येतो, परातीएवढा. दिवसाला साठ-सत्तर चेहरे होतात. ताई, पुष्कळ बायकांना असतं. ओठावर, कानांपुढे, हनुवटीखाली. कोणी ब्लीच केलेलं असतं, ते दिव्याखाली पिवळं चमकतं. फोटो बघायला वाकतात आणि हळूच विचारतात, मॅडम, जरा साफ करता येईल का हो? काय साफ करायचं ते कोणी बोलत नाही. आपल्याकडे तरी कुठे बोलायचं कोणी? आई ‘ते’ म्हणायची. ‘ते’ काढलंस का, ‘ते’ दिसतंय, रुमाल वर घे. मी त्या बायकांना सांगते, नियमात बसत नाही. खरंच बसत नाही, फोटोतल्या चेहऱ्याला हात लावायचा नसतो. मी तो नियम एकदाच मोडलाय, माझ्या स्वतःच्या कार्डाच्या वेळी.

हो, मलाही आलंय. तीन वर्षं झाली. तुझ्यापेक्षा उशिरा आलं, एवढंच. हनुवटी, गळा, छाती, पोट. सकाळी बाथरूमची कडी लावून मी दाढी करते. हा शब्द कागदावर लिहिताना हात थांबेल असं वाटलं होतं, पण थांबला नाही. दात घासावेत तसं झालंय ते. दुपारी तीनच्या सुमारास हनुवटीला हात लागला की खरखर लागते, मग मी खुर्ची दिव्यापासून थोडी मागे घेते. रडू वगैरे येत नाही. यायला हवं का, हेही मी कधीतरी स्वतःला विचारून पाहिलं.

आमच्याकडे फॉर्म तपासणाऱ्या एक मावशी आहेत. तोंडाने फटकळ, पण मनात काही नसतं. महिन्यापूर्वी मला उशीर झाला आणि तशीच आले, तर सगळ्यांसमोर म्हणाल्या, “काय गं, आज दाढी राहिली वाटतं? माझ्या धाकट्या लेकाला अजून एवढी फुटलेली नाही!” सगळे हसले. मीही हसले. जेवणाच्या सुट्टीत त्यांनीच मला जिन्यात गाठलं. म्हणाल्या, “जीभ घसरली माझी, मेली. माझ्या लेकीलाही आहे. पार्लरच्या चकरा मारत बसू नकोस, आधी डॉक्टरला दाखव.” आणि एका दवाखान्याचा पत्ता लिहून दिला.

तिथे रांगेत उभी असताना मला आपली ती दुसरी रांग आठवली. तू सतरा वर्षांची होतीस, मी अकराची. लेप झाले होते, दोरा झाला होता, बाबांचं ब्लेडसुद्धा झालं होतं. मग आईने जिवाचा धडा करून तुला मोठ्या दवाखान्यात नेलं आणि पाट्या वाचायला मला घेतलं. घरात शाळेची पायरी चढलेली मी एकटीच; तू अक्षरं शिकलीस ती पुढे, माझ्याच पुस्तकांवरून. खिडकीपाशी आपला नंबर आला. आतल्या बाईंनी मान वर न करताच ओरडून विचारलं, “केसपेपर काढला का?”

आईचा चेहरा पांढराफटक पडला. तिला वाटलं, केसांबद्दलच विचारलं. आपण तोंड उघडायच्या आधीच त्या बाईंनी ओळखलं आणि रांगेला ऐकवलं. “बघ, तिला तिथूनसुद्धा दिसलं,” असं म्हणत तिने तुझं मनगट धरलं आणि आपण जवळजवळ पळतच बाहेर आलो. तू घरी पोचेपर्यंत तोंडावरचा रुमाल काढला नाहीस. नंतर खरा अर्थ कळला तेव्हा बाबा हसून हसून बेजार झाले. तुम्हा बायकांना केसपेपर म्हणजे केसांचा पेपर वाटला होय, म्हणाले. तूही हसलीस. पण परत जायचं नाव कोणी काढलं नाही.

आता ऐक. मला तेव्हाच माहीत होतं. खिडकीवर पाटी होती, केसपेपर येथे मिळतील. आत शिरतानाच मी ती वाचली होती. आपल्यापुढचा पाय मोडलेला म्हातारासुद्धा तोच कागद घेऊन गेला होता. मी एक शब्द बोलले असते तर आई थांबली असती, माझं ऐकायची ती. पण रांगेत आपल्या मागे माझ्या वर्गाच्या बाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी मला तुझ्याबरोबर बघायला नको होतं. आईने तुझा हात ओढला तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. केसाने गळा कापणं म्हणतात ते मी अकराव्या वर्षी केलं. तेरा वर्षं झाली त्याला. या तेरा वर्षांत बघायला आलेली माणसं उठून गेली, तू कारखान्यात कॉलर शिवायला लागलीस आणि मान खाली घालून बोलायची तुला सवयच लागली. तुला कोणी विचारलं तर म्हणतेस, शिवणकामाने मान अशी झाली.

डॉक्टरीणबाई आईच्या वयाच्या होत्या. त्यांनी दचकून पाहिलं नाही. बऱ्याचदा हे आतल्या हार्मोनमुळे होतं, म्हणाल्या. रक्त तपासायचं, सोनोग्राफी करायची, मग औषध ठरवायचं. केस एका रात्रीत जाणार नाहीत, पण वाढ कमी होऊ शकते. पाळी वेळेवर येते का, विचारलं. महिनोन्‌महिने येत नसेल तर ते अंगावर काढू नये, पुढे आत बिघाड होऊ शकतो, असंही म्हणाल्या. मी दुसऱ्याच कोणाचा तरी फॉर्म भरावा तशी उत्तरं देत होते. त्यांनी पुढचं विचारलं, घरात आणखी कोणाला आहे का, आईला, बहिणीला? आणि मी म्हणाले, नाही.

त्यांनी ‘नाही’ लिहिलं. मी समोर बसून ते उलट्या बाजूने वाचलं. आई फोनवर म्हणाली होती, ताईला सात महिने पाळी नाही, बरंच झालं, कटकट मिटली. ते मला ठाऊक असूनही मी नाही म्हणाले. या वेळी मागे माझ्या शाळेच्या बाईही उभ्या नव्हत्या. हे पत्र त्यासाठी आहे. गुरुवारी मला पुन्हा बोलावलंय आणि ते ‘नाही’ मला खोडून घ्यायचंय. पण तुला न विचारता तुझ्याबद्दल सांगायचा मला हक्क आहे का, हे चार दिवस ठरत नाहीये. त्यापेक्षा तूच ये. मला माफ केलंस म्हणून नव्हे, नाही केलंस तरी ये, डॉक्टरांना दाखव आणि लगेच परत जा. माझ्याशी बोललं नाहीस तरी चालेल. बुधवारची गाडी साडेदहाला पोचते. मी नऊपासून उभी असेन.

तुझीच,
धाकटी